नाव धोंडो : एक प्रस्तावना

मराठी माणसाचं नाव म्हणजे तीन खणी घर. पहिल्या खणात तो स्वतः, मधल्यात बाप, शेवटच्यात कूळ. शाळेच्या हजेरीपासून सातबाऱ्यापर्यंत बांधणी हीच. या घराच्या पहिल्या खणात 'धोंडो' आता राहत नाही. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करताना आज कुठली आत्या हे नाव घेणार नाही, आणि घेतलंच तर बाळाची आई पाळण्याची दोरी सोडून उठेल. मधल्या खणात, माजघरात, मात्र हे नाव बराच काळ मुक्कामाला होतं. तिथं त्याला मोठी सोबत मिळाली. रघुनाथ धोंडो कर्वे. विजय धोंडोपंत तेंडुलकर. नामदेव धोंडो महानोर.

या तिघांचं आपसात नातं नाही. एकानं घराच्या बंद दारामागचा विषय चव्हाट्यावर आणला, दुसऱ्यानं माणसाच्या आत दडलेलं जनावर रंगमंचावर उभं केलं, तिसऱ्यानं रानातली ओल कवितेत धरली. जात वेगळी, गाव वेगळं, स्वभाव तर फारच वेगळे. तरी तिघांच्या नावांच्या मधोमध एकच दगड बसलेला. हे पुस्तक त्या दगडाविषयी आहे.

या नावाकडे माझं लक्ष गेलं ते मात्र कुणा थोरामुळे नव्हे. शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांचं नाव विचारलं की तो 'डी' म्हणायचा. बाई विचारायच्या, "डी म्हणजे दत्तात्रय का रे?" तो मान डोलवायचा. एकदा निकालपत्रकं वाटताना बाईंनी पूर्ण नावं वाचली आणि 'डी'चा 'धोंडिबा' झाला. वर्ग हसला. मीही हसलो. मधल्या सुट्टीत डबा खाताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजीची आधीची चार गेली होती. म्हणून ठेवलं."

एवढंच. पण त्या एका वाक्यात या नावाची अर्धी कुळकथा आहे. उरलेली अर्धी शोधता शोधता हे पुस्तक झालं.

धोंडा म्हणजे मोठा दगड. खडा नव्हे, गोटा नव्हे. दोन्ही हातांनी उचलावा लागतो तो. मराठी भाषा धोंड्याशी प्रेमानं वागलेली नाही. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. नको असलेली जबाबदारी गळ्यातली धोंड होते. शिकवलेलं शिरलं नाही की डोक्यात धोंडे भरलेत का, असं विचारतो. फार सोसायची वेळ आली की काळजावर धोंडा ठेवतो. असा हा जड, मुका, कुणाला नको असलेला पदार्थ. तो आपल्या पोटच्या गोळ्याच्या वाट्याला कोण देईल?

ज्याला तो गोळा गमवायची भीती आहे, तोच देईल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास पहिला वाढदिवसही बघत नसत. त्याआधीच्या काळात तर मोजणारंही कुणी नव्हतं. देवी, पटकी, धनुर्वात, हगवण, बाळंतपणातली घाण. कारणं आज आपल्याला ठाऊक आहेत. घरातल्या बाईला त्या वेळी एवढंच ठाऊक होतं की पाळणा हलतो आणि थांबतो. एकदा थांबला, दोनदा थांबला, तिसऱ्या वेळी ती शहाणी व्हायची. कुणाची तरी नजर आपल्या घरावर आहे. ती नजर देखण्या, लाडक्या, गोड नावाच्या मुलावर पडते. मग मूल लाडकं नाहीच असं दाखवायचं.

या दाखवण्याचे प्रकार अनेक होते, आणि प्रत्येकानं आपापलं नाव मागं ठेवलं. मुलाला उकिरड्यावर ठेवून परत उचलायचं. तो केरबा, कचरू किंवा थेट उकिर्डा. पाच घरी भीक मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं शिवायचं. तो भिकू, भिकाजी, मुलगी असेल तर भिकी. शेजारणीला मूल द्यायचं आणि मूठभर कोंड्याच्या बदल्यात परत घ्यायचं. कोंडिबा, कोंडाजी ही नावं त्यातून आली असं म्हणतात. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे न्यायला येणाऱ्याला मुलगी वाटावी, तो नथू. आणि काहीच करायला वेळ नसेल तर जन्मल्या जन्मल्या जाहीर करायचं, की हे मूल नव्हेच, हा दगड आहे. दगडू. धोंडू.

दगड निवडण्यात आणखी एक हिशेब होता. केर झाडला जातो, चिंधी फाटते, कोंडा वाऱ्यावर उडतो. दगड राहतो. मृत्यूला वाटावं हे टाकाऊ आहे, आणि आपल्याला मात्र ठाऊक असावं की हे टिकाऊ आहे. गोऱ्या गालावर काजळाचं बोट लावतात त्यातलाच हा प्रकार. तीट पुसता येते. नावाची तीट जन्मभर लावून फिरावं लागतं, एवढाच फरक.

मात्र सगळ्या धोंडोंच्या पाठीशी रिकामे पाळणे होते असं समजू नये. या नावाला आणखी तीन झरे येऊन मिळालेले आहेत.

पहिला पंचांगाचा. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. हा फरक साठत जातो आणि साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून हिशेब जुळवावा लागतो. तो अधिक मास. पोथीत त्याला पुरुषोत्तम मास म्हणतात, आणि देशावरची आजी त्याला धोंड्याचा महिना म्हणते. लग्न-मुंजींना तो चालत नाही. जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायला आणि वाण द्यायला चालतो. या महिन्यात जन्मलेल्या मुलाचं नाव धोंडू किंवा धोंडिबा ठेवायची रीत होती. शिकलेल्या घरानं त्याच महिन्यात त्याच कारणानं पुरुषोत्तम ठेवलं असतं. महिना एकच, एका दारी पुरुषोत्तम, दुसऱ्या दारी धोंडिबा. नावांच्या बाबतीत आपला समाज कसा उतरंडीनं रचलेला होता ते समजायला एवढा एक महिना पुरतो.

दुसरा झरा काशीचा. काशीत विश्वनाथाच्या वाटेवर ढुंढिराज गणपती आहे. त्याच्यावरून मराठी घरांत धुंडिराज हे नाव आलं. 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, याच नावाचे. धुंडी आणि धोंडी यांत जिभेचं अंतर फार थोडं. पत्रिकेत धुंडिराज आणि हाक मारताना धोंडू, असं सहज होऊन जायचं. दोन नावांची मुळं वेगळी. फांद्या मात्र एकमेकींत अशा शिरल्या आहेत की हे पान कुठल्या झाडाचं ते सांगणं कठीण होतं. या पुस्तकात फाळके नाहीत, पण ते कुंपणापलीकडून सतत डोकावत असतात.

तिसरा झरा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दगड हाच देव असतो. शिवेवरचा म्हसोबा, विहिरीवरच्या साती आसरा, वडाखालची मरीआई. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता शेंदूर फासलेला तांदळा. ज्या बाईनं मुलाचं नाव धोंडू ठेवलं तिला मंदिरातल्या घडीव मूर्तीपेक्षा हा बांधावरचा धोंडा जवळचा होता. नवस ती त्यालाच बोलायची. म्हणजे ती एका दमात मृत्यूला सांगत होती की हा बिनकामाचा दगड आहे, आणि स्वतःला सांगत होती की हा माझा देव आहे. 'धोंडो' या नावाचं वजन या दुहेरी बोलण्यात आहे. वरून शिवी, आतून नवस.

आता नावाचं रूप बघा. शेवटी 'ओ' असलेली नावं एके काळी मराठीत सर्रास होती. साताऱ्याच्या छत्रपतींची कैफियत घेऊन लंडनला गेलेले रंगो बापूजी, इतिहासकार दत्तो वामन पोतदार. विसो, चिंतो, विठो ही त्याच पंगतीतली. या 'ओ'ला दप्तरी वजन होतं. एकाच धोंड्याला बसायला किती वेगवेगळे पाट होते ते त्याच्या रूपांवरून कळतं. पेशवाईच्या सावलीत तो धोंडोपंत. घोड्यावर बसला की धोंडजी. नांगरामागं धोंडिबा. वारकऱ्यांच्या घरी धोंडीराम. बाईच्या जन्माला आला तर धोंडूबाई, धोंडाबाई. आणि कुणाच्या तरी वाड्यावर पाणी भरत असला तर धोंड्या. दगड एकच, पण त्याला हाक कोण मारतं यावर त्याचा भाव ठरे.

पुस्तकाच्या पहिल्या भागात ज्यांची भेट होते ते पहिल्या खणातले धोंडो आहेत. त्यांची निवड करताना मी थोरवीची फूटपट्टी लावलेली नाही. नावाशी ज्यांचं काही वेगळं नातं जुळलं ते घेतले.

धोंडजी वाघ हा त्यांतला सर्वांत दांडगा. हैदर आणि टिपूच्या फौजेत वाढला, टिपूनंच त्याला श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात टाकलं. 1799च्या मे महिन्यात शहर पडलं तेव्हा तो सुटला आणि मोडलेल्या फौजांतली माणसं गोळा करून स्वतःच राजा झाला. नुसता राजा नव्हे, दोन्ही जगांचा राजा. त्याच्या मागावर कंपनीनं आर्थर वेलस्ली या कर्नलला पाठवलं. 10 सप्टेंबर 1800 रोजी धोंडजी लढताना मारला गेला. त्याचा लहान मुलगा सलाबतखान सापडला, त्याचा सांभाळ वेलस्लीनं केला. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. नेपोलियनच्या आधी त्याच्या वाटेत एक धोंडा होता, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तळटीप होऊन पडली आहे.

दुसरे धोंडोपंत जगाला नानासाहेब पेशवे म्हणून ठाऊक आहेत. कर्जतजवळच्या वेणगावात 1824 साली जन्म. 1827 साली दुसऱ्या बाजीरावांनी ब्रह्मावर्ताला त्यांना दत्तक घेतलं. बाजीराव 1851 साली वारले आणि त्यांना मिळणारा सालीना आठ लाखांचा तनखा कंपनीनं दत्तकाला नाकारला. पुढचं 1857 सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या डोक्यावर इंग्रजांनी एक लाखाचं इनाम लावलं. नेपाळच्या तराईत ते दिसेनासे झाले आणि नंतर कितीतरी वर्षं इंग्रज अधिकारी ठिकठिकाणी बैराग्यांना धरून 'हाच का तो' म्हणून तपासत राहिले. आपल्या लोकांनी त्यांना नानासाहेब म्हटलं. इंग्रजांच्या कागदांत ते 'धोंडूपंत' राहिले. ज्या नावाचं काम मृत्यूच्या नजरेतून निसटणं हे होतं, त्या नावाचा माणूस एका साम्राज्याच्या नजरेतून निसटला.

आणि इंग्रज या धोंडूपंतांना शोधत होते त्याच साली, 18 एप्रिल 1858 रोजी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीत, आजोळी, आणखी एक धोंडो जन्मला. धोंडो केशव कर्वे. गाव मुरूड. सतरा वर्षांचा असताना हा मुलगा परीक्षेला बसायला मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेला, मध्ये सह्याद्री चढून. तिथल्या साहेबांनी त्याला बघितलं आणि दिसायला लहान म्हणून परत पाठवलं. दगडानं रुसायचं नसतं. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला परीक्षेला बसला. मग एल्फिन्स्टनमधून बी. ए., मग फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. 1893 साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. 1896 साली अनाथ बालिकाश्रम, मग हिंगण्याच्या माळावरची झोपडी, 1916 साली महिला विद्यापीठ, 1958 साली भारतरत्न. त्याच वर्षी त्यांचं टपाल तिकीट निघालं, तेही ते हयात असताना.

कर्व्यांचं चरित्र सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात एकच गोष्ट नव्यानं दिसली. त्यांना धोंडो म्हणून कुणी हाक मारत नाही. घरात ते अण्णा, कॉलेजात प्रोफेसर कर्वे, महाराष्ट्रात महर्षी. पुण्यातल्या रस्त्याला कर्वे रस्ता. खडबडीत नाव आपण आदरानं झाकून टाकलं. पण त्यांचा स्वभाव महर्षीचा नव्हताच, धोंड्याचा होता. तडफदार भाषण नाही, लोकांना भारून टाकणं नाही. हातात पावतीपुस्तक घेऊन चार आण्यांची वर्गणीही मागायची, नाही म्हटलं तर नमस्कार करून दुसऱ्या दारी जायचं. पत्नी बाया कर्वे, म्हणजे याच गोदूबाई, यांनी 'माझे पुराण' लिहिलं. ते वाचताना कळतं की असा दगड जगाला पायरी म्हणून उपयोगी पडतो आणि घरातल्यांना पदोपदी ठेचा लावतो. वसंत कानेटकरांनी या संसारावरून 'हिमालयाची सावली' लिहिलं तेव्हा नाटकाच्या मध्यभागी सावलीला ठेवलं, ते बरोबरच होतं. 9 नोव्हेंबर 1962 रोजी कर्वे गेले तेव्हा त्यांना एकशे चार वर्षं पूर्ण झाली होती. टिकावा म्हणून ज्या नावात दगड ठेवत, त्या नावाचा माणूस शतक ओलांडून टिकला.

चौथा धोंडिबा हाडामांसाचा नाही. तो जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'त भेटतो. 1873 सालचं ते पुस्तक संवादरूपात आहे: धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. प्रश्न विचारणाऱ्याला जोतीराव कुठलंही नाव देऊ शकले असते. त्यांनी धोंडिबा हे नाव दिलं. ज्याच्या डोक्यात धोंडे भरलेत असं शतकानुशतकं सांगितलं गेलं, त्याच्याच तोंडी त्यांनी अवतारांविषयी, भटशाहीविषयी, इतिहासाविषयी प्रश्न घातले. मराठी गद्यात धोंड्याला वाचा फुटली ती इथं.

पाचव्या धोंडूताई कुलकर्णी. कोल्हापूर, 1927. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे तालीम, पुढं केसरबाई केरकरांकडे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई कुणाला शिकवत नसत, अशी ख्याती. धोंडूताईंना त्यांनी शिकवलं. पुढं मुंबईत, लोकलच्या गर्दीत आणि छोट्या घरात, धोंडूताईंनी जयपूर-अत्रौली घराण्याचे अनवट राग एखाद्या ठेवीसारखे सांभाळले. 1990 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 2014 साली मृत्यू. बाईच्या नावातला धोंडा या पुस्तकात एकटाच आहे, आणि तो गाणारा आहे.

इथवर नावाची गोड बाजू झाली. ती सांगताना मला थोडी लाजही वाटते, कारण दगडाची दुसरी बाजू माझ्या अंगाला कधी टोचलेली नाही.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत ते सांगितलं आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलवान, वैश्याचं धनयुक्त आणि शूद्राचं जुगुप्सित. म्हणजे ऐकताच किळस यावी असं. हा नियम डोळ्यांपुढं ठेवला की वरची सगळी यादी वेगळी दिसू लागते. कचरू, केरबा, धोंड्या, दगड्या. आईनं मृत्यूला फसवायला ठेवलेलं नाव आणि गावानं माणसाला जागा दाखवायला ठेवलेलं नाव, दोन्ही एकच शब्द वापरतात. वाड्यातल्या धोंडूचा मोठेपणी धोंडोपंत व्हायचा. गावकुसाबाहेरचा धोंड्या साठीतही धोंड्याच राहायचा. नवस आणि शिवी यांतली शिवी तेवढी त्याच्या वाट्याला उरायची.

1978 साली 'बलुतं' आलं. लेखक दया पवार. कागदोपत्री नाव दगडू मारुती पवार. या आत्मकथनात दया पवार आणि दगडू यांची गाठ पडते. पांढरपेशा झालेला, कवी म्हणून नावारूपाला आलेला दया, आणि मागं राहिलेला, सगळं सोसलेला दगडू. मराठीत अनेकांनी टोपणनावं घेतली. पण टोपणनावानं मूळ नावासमोर बसून त्याची कहाणी ऐकावी, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पिढीत सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, राहुल, यशोधरा आले. काहींना त्यात नुसती नव्या नावांची हौस दिसली. 'बलुतं' वाचलेल्याला ती हौस वाटणार नाही. जुन्या नावाची गळ्यातली धोंड काढून ठेवण्याचं ते काम होतं. म्हणून या पुस्तकात 'धोंडो परत ठेवा' असा आग्रह कुठंही नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं आधी विचारावं, की हा दगड कुणाच्या गळ्यात होता.

दगडूची गोष्ट इथंच संपत नाही. पुण्यात दगडूशेठ गडवे नावाचे मिठाईवाले होते. त्यांचा मुलगा प्लेगात गेला, आणि त्या दुःखातून गुरूंच्या सांगण्यावरून त्यांनी गणपती बसवला, असं सांगतात. आज लाखो लोक त्या गणपतीपुढं उभे राहतात आणि त्याला 'दगडूशेठ' म्हणतात. "दगडूशेठला जाऊन आलो," या वाक्यात दगडू कोण आणि देव कोण, हे बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. दुसऱ्या टोकाला 2014 सालचा 'टाइमपास' चित्रपट. त्यातल्या पोराचं नाव दगडू ठेवलं आणि तो कुठल्या वस्तीतला, किती शिकलेला, लोक त्याला काय समजतात, हे सगळं न सांगता प्रेक्षकाला कळलं. एकाच नावानं देवळात हात जोडले जातात आणि थिएटरात हशा पिकतो.

पुस्तकाचा दुसरा भाग मधल्या खणाचा, आणि माझ्या लेखी तोच खरा गाभा. मराठीत आद्याक्षर घेताना आपण पहिलं अक्षर काना-मात्र्यासकट उचलतो: वि. वा., पु. ल., चिं. त्र्यं. तसं धोंडोचं होतं 'धों.' डोक्यावर टिंब असलेलं हे आद्याक्षर फार कमी नावांत सापडतं. बाळाला लावलेली तीट लेकाच्या नावात अशी टिंब होऊन उरते.

र. धों. कर्व्यांनी हे टिंब कधी लपवलं नाही. अण्णांचे थोरले चिरंजीव. तेही गणिताचेच प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गेली, 1927च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. आता नावाकडे परत बघा. 'धोंडो' हे नाव कशातून येतं? दहा जन्मावेत आणि चार जगावेत, अशा संसारातून. रघुनाथरावांनी आयुष्यभर झुंज दिली ती त्याच संसाराशी: मोजकीच व्हावीत, हवी तेव्हाच व्हावीत, बाई जगावी, मूल जगावं. ज्या भीतीतून बापाच्या नावासारखी नावं जन्मत होती, ती भीतीच नाहीशी करायला मुलगा निघाला होता. प्रत्येक अंकावर मात्र 'धों.' छापत होता.

तेंडुलकरांनी मधला खण लोकांना दाखवला नाही. वडील धोंडोपंत कारकुनी करता करता छोटासा प्रकाशनाचा व्यवसाय चालवणारे. मुलानं नाव लावलं ते नुसतं विजय तेंडुलकर. नाटककाराला आद्याक्षरं शोभत नाहीत हेही खरंच. पण 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही नाटकं आली तेव्हा शांत पाण्यात धोंडा पडल्यासारखी खळबळ झाली, याला योगायोग म्हणून सोडून देणं मला अजून जमलेलं नाही.

महानोरांनी ते नाव अंगणात आणून ठेवलं. ना. धों. महानोर असंच सगळा महाराष्ट्र म्हणायचा. नामदेव हा संत, धोंडो हा दगड. आणि माणूस मात्र सगळा हिरवा. अजिंठ्याच्या डोंगराजवळचं पळसखेडे, 1942चा जन्म, 1967 साली 'रानातल्या कविता', पुढं 'जैत रे जैत'ची गाणी, विधान परिषदेत पाणी आणि शेतीवर बोलणारा आमदार. 3 ऑगस्ट 2023 रोजी ते गेले.

आता शेवटचा प्रश्न. हे नाव का गेलं? ते गावंढळ वाटायला लागलं म्हणून, हे उत्तर खरं आहे पण उथळ. देवीची लस आली, धनुर्वाताची सुई आली, बाळंतपण दवाखान्यात गेलं, घराजवळ नळ आला. 2020च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्रातला बालमृत्यूचा दर हजारी सोळा होता. दोनशेचे सोळा झाले तेव्हा मृत्यूला फसवायची गरज उरली नाही, आणि आईबापांना मुलाचं नाव सुंदर ठेवायची हिंमत आली. आज पाळण्यावर जी आरव, अन्वी अशी नाजूक नावं दिसतात त्यांना आपण हसतो, पण त्या नाजूकपणामागं केवढी निर्धास्ती आहे! अर्थात ते सोळा अजून आहेत, आणि ते कुठल्या पाड्यांवर, कुठल्या झोपडपट्ट्यांत आहेत हे आपल्याला माहीत आहे. तिथं नाव बदललं असेल. भीती तीच आहे.

हे पुस्तक छापायला देण्याआधी मी त्या वर्गमित्राला शोधून फोन केला. शाळेतल्या हसण्याबद्दल बोलायचं होतं, ते जमलं नाही. पुस्तकाविषयी सांगितलं. तो म्हणाला, वडील जाऊन बरीच वर्षं झाली, शेती आता तोच बघतो. मग नेहमीच्या गोष्टी निघाल्या: पाऊस, भाव, यंदा बांध फुटला तो. बांध कशाचा आहे, म्हणून मी सहज विचारलं. "धोंड्यांचा," तो म्हणाला. "आमच्या आज्यानं नांगरताना लागतील तसे वेचून कडेला रचले. रानात ते नडतात. पण काढून टाकले तर पहिल्या पावसात माती राहायची नाही."